खड्याचं खरं नाव

सात वर्षांचा एक मुलगा डोंगरउतारावर शेळ्या राखतोय. आदल्या दिवशी एक शेळी झोपडीच्या छपरावर चढून बसली होती आणि मुलाच्या मावशीने दोन ओळींचं काहीतरी म्हणून तिला खाली उतरवलं होतं. मावशी गावात मंत्रतंत्र करणारी. त्या शब्दांचा अर्थ काय, ते कोणत्या कामाचे, मुलाला काहीच ठाऊक नाही. कानावर पडलेत एवढंच. तो ते मोठ्याने म्हणून बघतो. शेळ्या येतात. सगळ्या येतात, धावत येतात, आणि एकही ओरडत नाही. पिवळ्या डोळ्यांतल्या काळ्या फटींतून त्याच्याकडे बघत उभ्या राहतात. मुलाला हसू फुटतं. तो पुन्हा म्हणतो. शेळ्या आणखी जवळ सरकतात, अंगाला अंग लावून त्याच्याभोवती दाटतात. आता त्याला त्यांच्या जाड शिंगांची, अनोळखी डोळ्यांची, त्या गप्पपणाची भीती वाटायला लागते. तो पळतो, तर शेळ्याही त्याला मध्ये घेऊन तशाच पळतात. असं ते लटांबर गावात पोहोचतं. लोक हसतात. शेवटी मावशी एक शब्द उच्चारते आणि शेळ्या मोकळ्या होतात.

उर्सुला के. ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीतली ही अगदी सुरुवातीची पानं. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्यात शेळ्यांची गंमत दिसली. पुढे कधीतरी लक्षात आलं की सगळी कादंबरी इथेच सांगून झाली आहे. बोलावता येतं, परत पाठवता येत नाही. विस्मय आणि भय एकाच क्षणी, एकाच हाकेला ओ देऊन येतात. आणि ज्याला आपण वश केलं असं वाटतं, त्याच्याच गराड्यात आपण सापडतो.

नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरताने आठ रसांत अद्भुताला मानाचं स्थान दिलं आहे. विस्मय हा त्याचा स्थायीभाव, पिवळा रंग, ब्रह्मा देवता. आपल्याकडे मात्र अद्भुत म्हटलं की ते मुलांचं, आणि मुलांचं म्हटलं की ते दात पडेपर्यंतचं, असा एक समज घट्ट बसला आहे. मीही त्याच समजात वाढले. ‘चांदोबा’तला वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसून दर महिन्याला प्रश्न विचारायचा. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचून आम्ही भावंडं गच्चीवर चंद्राकडे तासन्‌तास बघायचो. मग सातवीत एका बाईंनी दप्तरातून असंच एक पुस्तक काढून घेतलं आणि वर्गासमोर म्हणाल्या, “आता मोठी झालीस, या भाकडकथा पुरे.” पुस्तक परत मिळालं, पण पुढची काही वर्षं मी ‘मोठ्यांची’ पुस्तकंच वाचत राहिले. ती वर्षं मला अजून हळहळ लावतात.

ले ग्विन यांचा 1974 चा एक गाजलेला निबंध आहे, अमेरिकी माणसाला ड्रॅगनची भीती का वाटते या प्रश्नावरचा. त्यात त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. त्यांच्या एका स्नेह्यांनी वाचनालयाच्या बालविभागात टोल्कीनचं ‘द हॉबिट’ मागितलं. तिथे सांगण्यात आलं की ते पुस्तक फक्त मोठ्यांच्या विभागात ठेवलं आहे, कारण पलायनवाद मुलांना बरा नव्हे! बर्कलीत वाढलेल्या या बाईंना हे फार लागलं असणार. वडील अल्फ्रेड क्रोबर हे मोठे मानववंशशास्त्रज्ञ, आई थिओडोरा यांनी इशी या आपल्या जमातीतल्या शेवटच्या उरलेल्या आदिवासी माणसाचं चरित्र लिहिलं. घरात लोककथा आणि मिथकं म्हणजे माणसाने स्वतःला ओळखण्यासाठी केलेलं काम होतं. पळवाट म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

‘विझर्ड’ 1968 मध्ये बर्कलीच्याच एका छोट्या प्रकाशनसंस्थेने, पार्नासस प्रेसने, काढलं. किशोरवयीन मुलांसाठी काहीतरी लिहा, अशी प्रकाशकांची मागणी होती. ले ग्विन यांना प्रश्न पडला तो साधाच. गोष्टींतले जादूगार कायम पांढऱ्या दाढीचे म्हातारे असतात. पण ते पोरसवदा असताना कसे होते? ही विद्या ते शिकले कुठे? या प्रश्नातून रोक बेटावरची जादूगारांची शाळा उभी राहिली, हॅरी पॉटरच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. लेखिकेने आधी नकाशा काढला, अर्थसी नावाच्या जगातल्या शेकडो बेटांचा, आणि मग त्या बेटांवरून गेड नावाच्या मुलाला फिरवलं.

रोकच्या शाळेतला एक प्रसंग मी भाचीला वाचून दाखवला. गेडने एका खड्याचा हिरा करून दाखवलाय. हिरा झगमगतो, हातात घेता येतो. पण तो भास आहे; गुरू त्याला हे सांगतात आणि खडा पुन्हा खडा होतो. गेडला भास नको आहे. हिरा हिराच राहावा, असं करता येईल का? येईल, गुरू म्हणतात, पण त्यासाठी खड्याचं खरं नाव बदलावं लागेल, आणि एका खड्याचं नाव बदलणं म्हणजे जगाच्या एका तुकड्याला हात घालणं. त्यातून काय बरं होईल, काय वाईट, हे पुरतं कळेपर्यंत एक खडा, वाळूचा एक कणसुद्धा बदलू नये. एवढं बोलून गुरू हातातल्या त्या खड्याकडे बघतात आणि म्हणतात, खडाही चांगलाच असतो की.

अकरा वर्षांची भाची इथे थांबली. म्हणाली, “मावशी, पण मग हिरा झाला असता तर खडा कुठे गेला असता?”

मला उत्तर देता आलं नाही. पण अद्भुत साहित्य मुलाच्या हाती का द्यायचं, ते मला त्या प्रश्नात लख्ख दिसलं. कल्पनेला हिशोब असतो हे तिला कळलं होतं. उत्तम अद्भुतकथेत एकच गोष्ट उधार मिळते: इथे शब्दाने वस्तू वश होते, किंवा इथे माणूस ताऱ्यांपर्यंत जाऊ शकतो. ती एकदा मान्य केली की पुढचं सगळं रोखीने. एका ठिकाणी पाऊस पाडलात तर दुसरीकडे दुष्काळ पडेल. दिवा लावलात तर सावली पडेल. वास्तववादी कादंबरीतली ढिलाई पुष्कळदा खपून जाते, कारण आजूबाजूचं जग आपल्या ओळखीचं असतं आणि राहिलेल्या फटी आपणच बुजवतो. अद्भुतात ती सोय नाही. लेखकाने लबाडी केली की दहा वर्षांचं पोरसुद्धा पुस्तक मिटतं.

नावाचा धागा मराठी वाचकाला फार आतून भिडावा. अर्थसीत प्रत्येकाची दोन नावं. एक चारचौघांत हाक मारायचं आणि दुसरं खरं, फक्त अगदी विश्वासातल्या माणसाला सांगायचं. कारण खरं नाव ज्याच्या हाती, त्याच्या हाती माणूस. आपल्या पत्रिकेतलं जन्मनाव आठवतं? नक्षत्राच्या चरणाक्षरावरून ठेवलेलं, व्यवहारात कुणी न वापरणारं. माझ्या आजीने उखाण्याबाहेर आजोबांचं नाव कधी घेतलं नाही. नाव घेणं ही तिच्या लेखी साधी गोष्ट नव्हतीच; ते यमकात बसवून, आडपडद्याने, सणासमारंभालाच घ्यायचं. ले ग्विन यांना आपल्याकडच्या या रीती ठाऊक होत्या की नाही, याला महत्त्व नाही. त्यांनी जिथे हात घातला, तिथे आपली आजी आधीच उभी होती.

तेराव्या वर्षी गेडला त्याचं खरं नाव मिळतं, तो प्रसंग मी सावकाश वाचते. मुलगा उघड्या अंगाने नदीच्या थंडगार उगमात उतरतो, पाण्यातून पलीकडे जातो, आणि काठावर उभा असलेला त्याचा पहिला गुरू ओगियन त्याचा दंड धरून कानात त्याचं नाव सांगतो. बस. वाजंत्री नाहीत, भाषण नाही. ओगियन अबोल आहे. पाऊस आला तर तो एका मंत्राने ढग परतवू शकतो, पण परतवत नाही. दाट झाडाखाली जाऊन निजतो. गेड धुमसतो: विद्या आहे तर ती न वापरता कशाला ठेवली? वाटेत एक चार पानांची रानवनस्पती दिसते. गेड विचारतो, हिचा उपयोग काय? ओगियन सांगतो की माझ्या माहितीत तरी काही नाही. पण तिचं मूळ, पान, फूल, वास, बी, सगळ्या ऋतूंत ओळखायला लागलास की तिचं खरं नाव कळेल, आणि ते तिच्या उपयोगापेक्षा मोठं असेल. लहानपणी हे वाचणाऱ्याला ओगियन कंटाळवाणा वाटतो, आणि वाटायलाच हवा. गेडलाही तो तसाच वाटतो. चाळिशीत हेच पान उघडलं की कंटाळवाणा कोण होता, ते समजतं.

शाळेत जास्पर नावाच्या गर्विष्ठ मुलाशी पैज लावून गेड एका मृत राणीला हाक मारतो. हाक पोहोचते, पण त्या फटीतून आणखी काहीतरी बाहेर येतं: काळं, बिनचेहऱ्याचं, सावलीसारखं. ते त्याचा चेहरा फाडतं. त्याला वाचवताना शाळेचा वृद्ध प्रमुख प्राण गमावतो. पुढची कादंबरी ही या सावलीपासून पळण्याची आणि मग वळून तिच्याच मागे लागण्याची कथा आहे.

मध्ये ड्रॅगन येतो, आणि तो प्रसंग अर्थसीचा कळस मानणारे वाचक मला भेटले आहेत. पेंडॉर बेटावरचा म्हातारा येवॉड. गेडने जुन्या बखरी चाळून त्याचं खरं नाव अंदाजाने ताडलंय. ड्रॅगन सौदा मांडतो: तुझ्या मागे लागलेल्या त्या सावलीचं नाव मी तुला सांगतो. पळून पळून दमलेल्या तरुणाला याहून मोठं आमिष नाही. गेड ते नाकारतो. ज्या गरीब बेटकऱ्यांनी त्याला आपल्या राखणीसाठी ठेवून घेतलंय, त्यांच्या वाटेला येवॉड आणि त्याची पिल्लं कधी जाणार नाहीत, असं वचन तो ड्रॅगनच्या खऱ्या नावाच्या जोरावर घेतो. इथे तलवार उपसली जात नाही. दोन शहाणे एकमेकांना जोखतात, आणि त्यातला एक स्वतःच्या सुटकेपेक्षा दुसऱ्यांची सुरक्षितता निवडतो. बारा वर्षांच्या वाचकाला याला ‘नीती’ म्हणतात हे माहीत नसतं. पण ड्रॅगनच्या डोळ्यांत डोळे न घालता उभं राहणारा गेड त्याच्या मनात ठाण मांडतो.

यानंतरचा ओस्किल बेटावरचा भाग मला घाईचा वाटतो. दगडात कोंडलेली आदिम शक्ती, तिच्या आसपास वावरणारी सुंदर कारस्थानी स्त्री, हा मसाला ले ग्विन यांच्या हातचा नाही. आणि बायकांच्या जादूला हिणवणारी एक म्हण या पुस्तकात सहज येऊन जाते. शेळ्यांना सोडवणारी मावशी अडाणी, पुरुष मात्र रोकला जाऊन विद्वान होतात. पहिल्या वाचनात मला हे खटकलं नव्हतं. तिसऱ्या वाचनात चांगलंच खटकलं. त्याकडे पुढे येते.

आधी शेवट. नाट्यशास्त्रात एक फार मार्मिक सांगणं आहे: नाटकाच्या अखेरच्या, निर्वहण संधीत अद्भुत रस असावा. म्हणजे गाठी सुटताना प्रेक्षकाला विस्मय वाटला पाहिजे. गेड आणि त्याचा मित्र व्हेच होडीतून नकाशापलीकडे जातात. समुद्र हळूहळू वाळू होतो. गेड होडीतून उतरून त्या वाळूवरून चालत जातो. समोरून सावली येते, जवळ येताना रूपं बदलत. आपण मोठ्या लढाईची तयारी करून बसतो. एवढी पानं पळालो, पाठलाग केला, आता मंत्र-प्रतिमंत्र होणारच. गेड काठी उंचावतो आणि सावलीचं नाव घेतो. त्याच क्षणी सावलीही त्याचं नाव घेते. दोघांनी उच्चारलेलं नाव एकच: गेड. तो हात पुढे करून आपल्या सावलीला कवेत घेतो. वाळूचा पुन्हा समुद्र होतो आणि व्हेच धडपडत होडी घेऊन त्याच्यापर्यंत पोहोचतो.

भरताला हवा होता तो विस्मय हाच. लढाई नाही म्हणून हा शेवट मिळमिळीत, असं म्हणणाऱ्याने येवॉडचा प्रसंग पुन्हा वाचावा. सावलीचं नाव ड्रॅगनकडून फुकट घेतलं असतं, तर ते उसनं राहिलं असतं.

आणखी एक तपशील. गेडचा वर्ण तांबूस-तपकिरी आहे. व्हेच काळा आहे. अर्थसीतले बहुतेक लोक सावळे-काळे, आणि गोरे म्हणजे दूरच्या बेटांवरून लुटालूट करायला येणारे. ले ग्विन यांनी हे समजून-उमजून लिहिलं होतं. तरी कित्येक आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर गोरा गेड झळकला आणि 2004 च्या दूरचित्रवाणी मालिकेतही गोराच नट आला, तेव्हा त्यांनी जाहीर निषेध नोंदवला. मी पहिल्या वाचनात गेडला गोरा करून टाकलं होतं. शब्द समोर असूनही. भाचीने पहिल्याच प्रकरणात विचारलं, “हा आपल्यासारखा दिसतो ना?”

विज्ञानकथेचा हिशोबही असाच चोख असतो, आणि ले ग्विन यांच्याकडे या दोन प्रकारांत भिंत नाहीच. त्यांची सेम्लीच्या हाराची एक जुनी कथा आहे. रूप लोककथेचं: कुलीन, पण गरिबीत आलेल्या घरातली सुंदर तरुणी, हरवलेला घराण्याचा हार, जमिनीखाली राहणारे बुटके कारागीर. ती तान्ही मुलगी घरी ठेवून हार आणायला त्या लोकांबरोबर जाते. प्रवास एका रात्रीचा, असं तिला सांगितलेलं असतं, आणि तिच्यापुरता तो तेवढाच होतो. परत येते तेव्हा नवरा कधीच गेलेला, मुलगी तरुण झालेली. तिला नेलं होतं ते प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जाणाऱ्या यानाने, आणि त्या वेगात काळ मंदावतो. हार हातात आहे, पण ज्यासाठी आणला तो संसार उरलेला नाही. आपल्याकडे रैवत राजा रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेला, तिथे एक गाणं संपेपर्यंत थांबला आणि पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली, ही कथा ज्या मुलाने ऐकली आहे, त्याला सापेक्षता परकी वाटायचं कारण नाही. पुराणकारांना आइन्स्टाइन माहीत होता असा दावा कुणी करू नये. त्यांना विरह माहीत होता. सेम्लीची कथा विरहाला कारण देते, गणितात बसणारं.

ज्या 1974 साली ले ग्विन यांचा तो निबंध आला, त्याच साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली ठरली. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव घेतलं होतं, कथेची निवड कथेवरच व्हावी म्हणून. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाने मुलांना आणि मोठ्यांना आयुष्यभर विज्ञानकथा सांगितल्या, ही मराठीची कमाई आहे. या पुस्तकांवरची धूळ झटकून ती मुलांसमोर ठेवणं आपल्या हातात आहे.

आता राहिलेली गोष्ट. अर्थसीचे पहिले तीन भाग 1972 पर्यंत झाले. तिसऱ्यात प्रौढ गेड जगाला पडलेली एक फट बुजवताना आपली सगळी विद्या खर्चून बसतो. तिथे थांबलं असतं तरी चाललं असतं. ले ग्विन अठरा वर्षांनी परत आल्या. 1990 च्या ‘तेहानू’ची नायिका आहे तेनार, शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा, आणि तिच्या आसऱ्याला आलेली, आगीत अर्धा चेहरा जळालेली एक लहान मुलगी. त्या हिणवणाऱ्या म्हणीचा हिशोब लेखिकेने इथे स्वतःकडूनच वसूल केला आहे. जी बायकांची जादू पहिल्या भागात कच्ची होती, तिच्याकडे लेखिका आता बसून, निरखून बघते. काही जुने वाचक यावर रागावले. माझ्या मते हा अर्थसीचा सर्वांत धीट भाग आहे.

‘तेहानू’त गेड येतो तो ड्रॅगनच्या पाठीवर, अर्धमेला. बरा होतो, पण विद्या परत येत नाही. ज्याने येवॉडला जोखलं, त्याला आता स्वतःची लाज वाटते, राजाची माणसं आली की तो लपतो. त्याला पोटापाण्याचं एकच काम येत असतं, आणि तो ते करायला डोंगरावर निघून जातो. शेळ्या राखायचं.

तुमच्या घरी दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर शेळ्यांची ती पहिली पानं त्याला मराठी करून, मोठ्याने वाचून दाखवा. ‘तेहानू’ मात्र स्वतःसाठी ठेवा, आणि ‘विझर्ड’ वाचल्यानंतर मध्ये काही वर्षं जाऊ देऊन मगच उघडा.